परसातले रान आणि भाजीचे वाफे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

फाल्गुन उतरणीला लागला की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. कुंडीतील गुलाब, गच्चीवरील जास्वंद आणि तुळशीवरची कीड हे विषय मागे पडतात आणि घराच्या मागील जागेविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा अशी पत्रे विशेष आली, आणि त्यांतील बहुतेकांची अडचण एकच होती : अनेक वर्षे न वापरलेल्या परसात रान माजले आहे, पावसाळ्यापूर्वी तेथे भाजीपाल्याची सोय करायची आहे, पण सुरुवात कोठून करावी ते कळत नाही. त्यांतील पाच पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे, कारण त्यातील बऱ्याच गोष्टी इतरांनाही लागू पडतात.

प्रश्न १ : निवृत्तीनंतर आम्ही उभयता कोरेगाव तालुक्यातील वडिलोपार्जित घरी राहायला आलो आहोत. घर बारा वर्षे बंद होते. मागे सुमारे दोन गुंठे काळ्या मातीची जागा असून आई होती तोवर तेथे घरापुरती भाजी निघत असे. आज तेथे डोक्याइतके गवत, एरंड, घाणेरी, बाभळीची रोपे आणि गाजरगवत यांची दाटी झाली आहे. जेसीबी लावून एका दिवसात सारे साफ करावे, तणनाशक फवारावे, वरून दोन ट्रॉल्या लाल माती टाकावी आणि मृगावर पेरणी करावी, असा चिरंजीवांचा बेत आहे. हे योग्य होईल काय?

उत्तर : चिरंजीवांच्या बेतातील मृगाचा मुहूर्त आम्हांला मान्य आहे, बाकीच्या तिन्ही गोष्टी करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बारा वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीवर दर वर्षी पाने गळली, गवत वाळले, मुळे मेली आणि हे सारे जागच्या जागी कुजले. त्यामुळे वरचा वीतभर थर हीच आपली खरी मिळकत आहे. जेसीबीचा पंजा नेमका हा थर झाडाझुडपांसकट खरवडून कुंपणाशी लोटतो आणि खालची निर्जीव, चिकट माती उघडी पाडतो. शिवाय यंत्राच्या वजनाने काळी माती दाबली जाते आणि पहिल्याच पावसात तेथे पाणी तुंबते. तणनाशकाविषयी इतकेच म्हणतो, की ज्या हातभर जागेतील भाजी आपण काही महिन्यांनी नातवंडांच्या ताटात वाढणार, तेथे कोयता आणि कुदळ यांनी भागत असताना विष आणण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. लाल मातीचे काय होते, ते तिसऱ्या पत्राच्या उत्तरात आले आहे.

पहिले दोन दिवस हत्यार हाती न घेता केवळ पाहण्यात घालवावेत. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता घराची, भिंतीची आणि झाडांची सावली कोठवर येते, ते खुंट्या रोवून ठेवावे. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी आणि वेलभाज्या यांना दिवसाचे किमान सहा तास ऊन हवे. पालेभाज्यांचे चार तासांवर भागते. एक गोष्ट येथे हमखास नजरेतून सुटते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेस असलेल्या परसात चैत्रात लख्ख ऊन दिसले तरी मार्गशीर्षात तोच तुकडा दिवसभर सावलीत राहू शकतो. आपले परस तसे असेल, तर हिवाळी वाफे भिंतीपासून शक्य तितके दूर घ्यावेत.

त्यानंतर माहितीच्या शेजाऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : या जागेत जुना आड, शोषखड्डा किंवा बुजवलेला संडास होता काय? जुन्या घरांच्या मागे असे आड असतात, त्यांवरच्या फळ्या कुजलेल्या असतात आणि वरून वेलींनी झाकलेल्या असतात. गवत कापत पुढे जाताना प्रत्येक पावलाआधी काठीने जमीन ठोकून पाहावी. पायांत गमबूट आणि हातांत जाड मोजे असल्याखेरीज काम सुरू करू नये. काचा, पत्रे आणि गंजलेल्या तारा निघणारच, म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन कैक वर्षे झाली असतील तर ते आधी घ्यावे.

सापांची भीती बाळगू नये, पण त्यांचा विसरही पडू देऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप असून दगडांचे ढीग, सरपण आणि उंदरांची बिळे ही त्यांच्या वस्तीची ठिकाणे आहेत. घराच्या बाजूने कापण्यास आरंभ करून बाहेरच्या दिशेने सरकत जावे आणि समोरची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे दडलेल्या जिवाला निघून जाण्यास वाट राहते. दगड आणि ओंडके हाताने न उचलता कुदळीने किंवा पहारीने हलवावेत, आणि दिवेलागणीनंतर काम करू नये. दुर्दैवाने दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे यांत वेळ दवडू नये. अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात, तो अवयव स्थिर राखावा आणि प्रतिविषाची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे. माजलेले रान पेटवून देण्याचा सल्ला गावात कोणी तरी नक्की देईल. चैत्रातला वारा आणि शेजाऱ्याची कडब्याची गंजी यांच्याकडे एकदा पाहिले, की त्या सल्ल्याला उत्तर द्यावे लागणार नाही.

कापताना सगळेच उपटू नये. बारा वर्षांच्या रानाखाली जुन्या बागेची खूण अनेकदा जिवंत असते : मोरीच्या पाण्यावर तग धरून राहिलेले अळू, हळदीचे गड्डे, गवती चहाचे बेट, कढीलिंबाचे फुटवे. शेवगा किंवा लिंबू सापडले, तर छाटून ठेवावे. तणांतही तांदुळजा, घोळ, पाथरी यांसारख्या भाज्या असतात. ओळख पक्की असेल तर पहिली भाजी पेरणीच्या आधीच मिळते. ओळख पक्की नसेल, तर मात्र मोह आवरावा.

आता खऱ्या शत्रूंकडे वळू. परसातील तणांचे दोन वर्ग पडतात, ते ओळखल्यावाचून केलेली मेहनत वाया जाते. पहिला वर्ग बियांवर वाढणाऱ्यांचा. गाजरगवत हे त्याचे ठळक उदाहरण. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे, कारण त्याच्या एकेका झाडाला हजारो बिया धरतात. फुले येण्यापूर्वी ते मुळासकट उपटले तर त्याचे उत्तम कंपोस्ट होते. फुलांवर आल्यानंतर खड्ड्यात टाकले, तर पुढच्या वर्षी ते खताबरोबर वाफ्यात परत येते. अनेकांना त्याने त्वचेवर पुरळ येते आणि दम्याचा त्रास होतो, म्हणून मोजे घालून आणि नाकातोंडावर फडके बांधूनच ते उपटावे.

दुसरा वर्ग जमिनीखालून वाढणाऱ्यांचा, आणि आपले खरे भांडण त्याच्याशी आहे. हराळीची खोडे जमिनीवरून आणि खालून धावतात आणि त्यांच्या प्रत्येक पेऱ्याला नवे झाड होण्याची ताकद असते. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी बारीक धाग्याने माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ इतर गाठींना दाबून ठेवते. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. म्हणूनच भाड्याने आणलेल्या पॉवर टिलरने हराळी-लव्हाळ्याची जमीन फिरवली, की दोन दिवस ती देखणी दिसते आणि पहिल्या पावसानंतर पूर्वीपेक्षा दाट हिरवी होते. टिलर फिरवणाऱ्यास त्याच्या तासांचे पैसे मिळालेले असतात. तण आपल्या वाट्याला येते. त्याऐवजी माती कोरडी असताना दाताळ्याने किंवा कुदळीने ढेकळे उलथावीत, खोडे आणि गाठी हाताने वेचाव्यात आणि उरलेली ढेकळे चैत्राच्या उन्हात तशीच तापू द्यावीत. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत सापडतात. वेचलेल्या गाठी कंपोस्टात न टाकता फरशीवर पसरून पूर्ण वाळवाव्यात.

येथेच आमच्या सल्ल्याचा गाभा येतो, आणि तो चिरंजीवांना रुचणार नाही. दोन्ही गुंठे एकाच वर्षी साफ करू नयेत. जेवढी जागा आपण यंदा पेरू शकाल, शिंपू शकाल आणि आठवड्याला खुरपू शकाल, तेवढीच उघडी करावी. साफ केलेली आणि न पेरलेली जमीन पावसाळ्यात तीन आठवडेदेखील रिकामी राहत नाही. पहिल्या वर्षी दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असे चार गादीवाफे (जमिनीपेक्षा थोडे उंच केलेले वाफे) आणि त्यांच्यामध्ये दीड-दीड फुटाच्या वाटा पुष्कळ झाल्या. तीन फुटांपेक्षा रुंद वाफा घेऊ नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय ठेवण्याची वेळ येत नाही. हे चार वाफे दोन माणसांच्या स्वयंपाकाला भाजी देतील आणि साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना झेपतील.

वाफ्यांची जागा वेचून झाल्यावर ती सपाट करून भरपूर भिजवावी, वर पंचवीस मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून अंथरावा आणि चारही कडा मातीत गाडून टाकाव्यात. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे, कागद तसाच राहू द्यावा. आतील वाफेने बहुतेक तणांच्या बिया आणि बऱ्याच बुरशी मरतात. हराळी त्याने खचते, पण खोलवरच्या लव्हाळ्यावर त्याचा भरवसा नाही. काळा कागद घेऊ नये. माती तापवण्याच्या कामी पारदर्शक कागद सरस ठरतो. मेअखेरीस कागद काढला, की दर वाफ्यावर दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत पसरून वरच्या चार बोटे मातीतच मिसळावे. खोल खणल्यास खालच्या जिवंत बिया वर येतात आणि कागदाचे सारे श्रम फुकट जातात. शेणखत मातीसारखे भुसभुशीत आणि वासरहित असावे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात.

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की एका वाफ्यात भेंडी, दुसऱ्यात गवार आणि चवळी, तिसऱ्यात वांगी-मिरचीची रोपे आणि चौथ्यात तांबडा माठ, आंबाडी अशा पालेभाज्या घ्याव्यात; कुंपणाकडेला ताटी उभारून दोडका आणि कारले चढवावे. वांगी-मिरचीची रोपे तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा त्यांचे बी वैशाखातच ट्रेमध्ये टाकलेले असावे. भेंडीसाठी परभणी क्रांती हे वाण आम्ही वर्षानुवर्षे सुचवीत आलो आहोत. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या हळद्या रोगाला जुनी वाणे लवकर बळी पडतात, त्या मानाने हे टिकते. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर आणि कोबी यांची घाई पावसाळ्यात करू नये. त्यांची खरी वेळ दसऱ्यानंतरची.

उरलेल्या दीड-पावणेदोन गुंठ्यांत यंदा दोनच कामे करावीत. गवत आणि झुडपे फुलावर येण्यापूर्वी गुडघाभर उंचीवर कोयत्याने छाटत राहावे आणि ती कापणी वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरावी. जमल्यास त्यातील पुढच्या वर्षी घ्यायच्या तुकड्यात पहिल्या पावसावर गुंठ्याला किलोभर ताग दाट फेकावा आणि दीड महिन्याने, फुले येण्याच्या बेतात असताना, तो मातीत गाडावा. हराळीला सावली सोसत नाही. तागाची दाट सावली तिचे बळ मोडते आणि जमिनीला नत्रही मिळते.

प्रश्न २ : आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगर उतारावर आहे. मागीलदारी जांभ्याची माती असून तेथे रानमोडी माजली आहे. पावसात वाफे वाहून जातात, आणि जे उगवते ते माकडे नेतात. येथे भाजी करणे शक्य तरी आहे का?

उत्तर : शक्य आहे, मात्र घाटावरचे वेळापत्रक आपण विसरले पाहिजे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या उतारावर सपाट वाफा टिकणार नाही. उताराला आडवे असे फूटभर उंचीचे वाफे घ्यावेत, त्यांच्या खालच्या बाजूला जांभ्याचे चिरे किंवा सुपारीचे ओंडके लावावेत आणि दोन वाफ्यांमधून पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा. उघडी माती पावसाला दाखवायचीच नाही, हा कोकणातील परसाचा पहिला नियम मानावा. आंब्या-फणसाचा पातेरा जाळण्याऐवजी वाफ्यांवर वीतभर थर करून अंथरावा.

रानमोडीची मुळे उथळ असतात. पहिल्या एक-दोन सरींनी माती मऊ झाली, की ती बुंध्याशी धरून उपटता येते, आणि तिचा पाला कापून खड्ड्यात कुजवता येतो. तिचे बी हिवाळ्याच्या अखेरीस वाऱ्यावर उडते, तेव्हा यंदाचे बी उडून गेले असेल तर पुढील दोन पावसाळे रोपटी उपटावी लागतील, याची तयारी ठेवावी. आपल्या भागात फुरसे पुष्कळ आहे. ते लहान असते, मातकट रंगाचे असते आणि चिऱ्यांच्या सांदीत बसते, त्यामुळे पहिल्या उत्तरातील चिऱ्या-दगडांविषयीची सूचना आपण दुप्पट काळजीने पाळावी.

जांभ्याची माती बहुधा आम्लधर्मी असते, पण म्हणून डोळे मिटून चुना टाकू नये. चार-पाच ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती खरवडावी, ती एकत्र मिसळून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो माती जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शासकीय माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी. अहवालात सांगितले असेल तेवढाच चुना, तोही पावसापूर्वी मिसळावा.

पावसाळ्यात पडवळ, कारली, दोडकी आणि काकडी मांडवावर घ्यावीत. जमिनीवर पसरलेला वेल कुजतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली कोकण तारा हे कारल्याचे आणि कोकण श्वेता हे पडवळाचे वाण याच हवेसाठी आहेत. मुळा, लाल माठ, वांगी आणि वाल यांचा खरा हंगाम आपल्याकडे भातकापणीनंतर सुरू होतो, आणि त्या वेळी पाण्याची सोय असेल तर कोकणातले परस घाटावरच्या परसाला हार जात नाही.

माकडांवर रामबाण उपाय आमच्यापाशी नाही, आणि असल्याचा दावा करणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. बुजगावणे चार दिवस चालते. त्यापेक्षा पिकांची निवड बदलणे शहाणपणाचे ठरेल. सुरण, अळू, हळद आणि आले यांना माकडे सहसा हात लावीत नाहीत. कुंपणाकडचा भाग या पिकांनी व्यापावा, आणि काकडीसारखी मोहाची पिके स्वयंपाकघराच्या दाराशी, माणसांच्या वावरात, जाळीखाली घ्यावीत.

प्रश्न ३ : पुण्यातील आमच्या जुन्या बंगल्यामागे दहा फूट रुंदीची पट्टी आहे. गेल्या वर्षी तण काढून, वर लाल माती टाकून टोमॅटो आणि वाल लावले. नवी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आणि वाढ खुंटली. शिवाय शेजारी उंच इमारत झाल्यामुळे ऊन दुपारी तीन-चार तासच येते.

उत्तर : जुन्या बंगल्यांमागच्या पट्टीत बहुधा घराच्या दुरुस्तीचा राडारोडा पुरलेला असतो. विटांचे तुकडे, सिमेंट आणि चुना यांनी माती अल्कधर्मी होते, आणि तशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या ही त्याचीच खूण आहे. फूटभर खणून पाहावे. राडारोडा निघाला तर शक्य तेवढा उचलून टाकावा. तो फार खोलवर असेल तर खणत बसू नये. विटांची दीड फूट उंच चौकट करून वरच वाफा बांधावा आणि त्यात निम्मी चांगली माती आणि निम्मे कंपोस्ट-पालापाचोळा भरावा. पहिल्या वर्षी ही भर चार-सहा इंच खाली बसते, तेव्हा वरून पुन्हा कंपोस्ट घालावे.

"लाल माती" या नावाने शहरात जे विकले जाते, त्यातील बरेचसे रंगीत मुरूम असते. त्यात सेंद्रिय अंश नावापुरता असतो. पाणी घातले की ते सिमेंटसारखे बसते. आम्हीही एकदा फसलो आहोत. घरामागे एक ट्रॉली "शेतातली सुपीक माती" म्हणून उतरवून घेतली आणि महिन्याभरात तीतून लव्हाळा उगवला, जो त्यापूर्वी आमच्या अंगणात औषधालाही नव्हता. तो निपटण्यास चार वर्षे लागली. माती विकत घेणे अटळ असेल, तर आधी घमेलेभर आणून पाणी घालून तीन आठवडे उन्हात ठेवावी आणि तीतून काय उगवते ते पाहावे. विकणारा घाई करील. त्याला करू द्यावी.

उन्हाविषयी मात्र तडजोडच करावी लागेल. तीन-चार तासांच्या उन्हात टोमॅटो फळणार नाही, त्यावर आणखी एक वर्ष घालवू नये. पालक, अळू, पुदिना, कोथिंबीर, ओली हळद आणि आले यांनी ती पट्टी भरून टाकावी. समोरची भिंत पांढऱ्या चुन्याने रंगवल्यास परावर्तित उजेडाचा थोडा उपयोग होतो.

प्रश्न ४ : लातूरजवळच्या आमच्या परसातील गवत काढून मागच्या वर्षी भाजी लावली, पण मोठ्या शंखाच्या गोगलगायींनी एका रात्रीत सगळी रोपे फस्त केली. काढलेले गवत कोपऱ्यात रचून ठेवले आहे.

उत्तर : त्या कोपऱ्यातील ढिगातच गोगलगायींची वस्ती असणार. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची धूळधाण करणारी हीच आफ्रिकन गोगलगाय. ती दिवसा ओलसर कचऱ्याखाली दडते, रात्री खाते आणि एका वेळी शंभराहून अधिक अंडी मातीत घालते. ढीग आत्ता, कोरड्या दिवसांतच, हलवून उन्हात पसरावा आणि त्याखालची माती खणून तापू द्यावी. पाऊस सुरू होताच संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला भिजवलेली गोणपाटे टाकावीत, पहाटे ती उलटावीत आणि त्यांखाली जमलेल्या गोगलगायी मोजे घालून वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. हे पाणी वाफ्यांत ओतू नये. चुन्याची रेघ कोरडी असेतोवरच उपयोगी पडते. पावसाळ्यात तिच्या भरवशावर राहू नये. शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात वेचणी केली तर गुण येईल, अन्यथा कुंपणापलीकडून गोगलगायी येतच राहतील. लहान मुलांना त्या हाताळू देऊ नये आणि पालेभाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन घ्यावी.

प्रश्न ५ : आमच्या परसात गेल्या वर्षी प्रथमच दुधी आणि घेवडा लावला. दुधीची फुले गळून गेली, फळे धरली नाहीत. घेवडा छान आला. त्याचे बी घरी धरता येईल का?

उत्तर : दुधीला पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नरफुले येतात आणि ती गळतात, यात काही वावगे नाही. मादीफुलाच्या मागे इवलासा दुधी दिसतो. तो पिवळा पडून गळत असेल, तर परागीभवन होत नाही असे समजावे. नवीन साफ केलेल्या परसात हे पुष्कळदा घडते, कारण तणांबरोबर फुलणारी सारी झाडे गेलेली असतात आणि किडे-पाखरांना तेथे येण्याचे कारण उरत नाही. कडेला झेंडू, तुळस आणि थोडी बडीशेप लावावी. तोपर्यंत हे काम हाताने करावे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. दिवेलागणीच्या सुमारास ताजे नरफूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावेत. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरते. काकडी आणि तांबडा भोपळा यांची फुले सकाळी उमलतात, तेव्हा त्यांच्यासाठी वेळ सकाळची ठेवावी.

घेवड्याचे बी जरूर धरावे; पाकिटावर "संकरित" लिहिलेले नसावे, एवढेच पाहावे. घेवडा, वाल आणि चवळी यांच्या फुलांत बहुतांशी स्वतःचेच परागीभवन होते, त्यामुळे त्यांचे वाण घरच्या घरी बऱ्यापैकी शुद्ध राहते. दुधी, दोडका, भोपळा यांच्या बाबतीत तसा भरवसा नाही. शेजाऱ्याच्या वेलीचे पराग येऊन मिसळतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, तो अशाच गावरान बियाण्यांच्या जपणुकीसाठी. त्यांच्या कामाचा आरंभही घरच्या परसातूनच झाला, हे येथे सांगावेसे वाटते.

बियांसाठी वेलीवरील पहिल्या बहरातील, निरोगी आणि भरदार शेंगा निवडाव्यात आणि त्या वेलीवरच पूर्ण वाळू द्याव्यात. दाणे काढून आठवडाभर सावलीत आणि शेवटचे दोन दिवस कोवळ्या उन्हात वाळवावेत. दाताखाली धरल्यावर दाण्यावर वळ न उमटता तो कट्कन फुटला, की वाळला असे समजावे. मग चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून ते मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत आणि वाणाचे नाव आणि महिना लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. ज्या शेंगा बियाण्यासाठी राखायच्या, त्यांच्या देठाला सुरुवातीलाच लाल दोरा बांधून ठेवावा, म्हणजे ऐन वेळी पाहुणे आले असता घाईघाईत त्या कोणी खुडणार नाही.